गाठ

वडगावात आमचे चार माग थांबले
त्याच्या दुसऱ्या वर्षी
नाल्याकाठच्या प्लँटवर मला रात्रपाळी मिळाली.
माग गेले भंगारात, किलोच्या भावानं.
धोटा तेवढा ठेवून घेतला,
डब्याच्या पिशवीत असतो अजून.

पहिल्या दिवशी हिरेमठ मॅडमनी
टाकीतनं कॅसेट वर काढून दाखवली.
साखळीला लटकलेली, निथळत,
आणि मी बघतच राहिलो:
अरे, हा तर ताणा!
पांढरे, शेवयांएवढे जाड, हजारो धागे,
वर-खाली घट्ट धरलेले, मधे सैल.
"बाणा कुठाय मॅडम?"
त्या हसल्या. "पाणीच बाणा की ओ, रुद्राप्पा."

धागा आतून पोकळ.
अंगभर भोकं, पण दिसायची नाहीत,
सुईच्या टोकावर किती बसतील ह्याचा हिशेब
मॅडमनी सांगितला, मी विसरलो.
बाहेर अख्ख्या शहराचं पाणी:
रंगाच्या टाक्या, खानावळींचं खरकटं,
कुणाच्या तान्ह्याचं दुपटं,
कुणाच्या म्हाताऱ्याचं शेवटचं आजारपण.
पंप आतून ओढतो, हळू.
नऊ मिनिटं ओढ, एक मिनिट सोड.
पाणी तेवढं आत जातं;
बाकी सगळं दारात राहतं, चपलांसारखं.

"ह्याला म्हणायचं काय?"
"मेंब्रेन."
"आणि आपल्या भाषेत?"
आपल्या म्हणजे कुठल्या, ते दोघांनीही विचारलं नाही.
त्या धारवाडच्या. जरा थांबून म्हणाल्या, "पोरे."
मला ऐकू आलं, पोरं.
दोन आहेत. एक पुण्यात, एक घरी झोपलेलं, दुपारीसुद्धा.
मग त्यांनीच फोड केली:
डोळ्यावर येते ती पोरे,
साप टाकतो ती पोरे,
आणि जपणं, सांभाळणं, तेही पोरेच.
मी मनात मोजलं. आमच्याकडे साय, पापुद्रा, कात, पडदा.
इतके शब्द,
आणि जपण्याचं एकातही नाही.

दर आठवड्याला आंघोळ घालायची असते धाग्यांना.
आधी ब्लीचिंगची, मग लिंबाच्या आंबटाची,
आई तांब्याचा हंडा घासायची त्याच वासाची.
बोटं पांढरी पडतात. बायको म्हणते,
पूर्वी खळीचा वास यायचा, तो बरा होता.

परवा पहाटे तीनला काचेतलं पाणी
किंचित धुरकट झालं.
आकडा शून्य पॉइंट एकवरून चारवर.
मॅडम घरनं आल्या, स्वेटर उलटा घालून.
कॅसेट पाण्यात बुडवून आतून हवा सोडली,
आणि बॅटरीच्या उजेडात
हजारोंतल्या एका धाग्यातनं
बुडबुड्यांची माळ वर आली.
"पिन घाला," त्या म्हणाल्या. पिना संपलेल्या.
तोवर माझी बोटं कामाला लागलीच होती.

चाळीस वर्षं तुटलेली टोकं
एकमेकांना भेटवत आलो मी.
इथं टोकं भेटवायची नाहीत.
ह्या टोकाला एक गाठ, त्या टोकाला एक,
दोन्ही तोंडं बंद.
गाठ मारलेला धागा काढत नाहीत.
टाकीतच राहतो, बाकीच्यांबरोबर हलतो,
त्यातनं पाणी तेवढं जात नाही.
मी धोट्याकडं बघितलं नाही.

उजाडताना स्वच्छ धार नाल्यात पडते.
वीस पावलं ती वेगळी दिसते,
मग पलीकडच्या वस्तीचं गटार येऊन मिळतं, तसंच, कच्चं.
तिथवर पाईप यायचाय. यायचाय म्हणतात.
त्या वीस पावलांत मल्लव्वा मुळ्याच्या जुड्या धुते.
पाणी वापरू नये असा बोर्ड आहे, दोन भाषांत.
तिला दोन्ही येत नाहीत वाचायला.
मी हटकलं, तर मातीची बोटं पदराला पुसत
तिनंच विचारलं,
"रात्री दिवे कसले रे? काय तुटलं काय?"

तुटलं की, म्हटलं.
एक.